तिसाव्या नमुन्यानंतर फॅट का घसरायची? एका ड्राय सोल्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कराडपासून तासाभराच्या अंतरावरचं एक गाव. तिथलं दूध संकलन केंद्र, सकाळी ८६ सभासद दूध घालतात, संध्याकाळी त्याहून थोडे कमी. जवळपास सगळं गाईचं दूध. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजायला सहा वर्षं वापरातलं अल्ट्रासोनिक दूध तपासणी यंत्र. सोसायटीचं आणि यंत्राच्या कंपनीचं नाव इथे देत नाही, पण आकडे माझ्या जॉबकार्डवरचे आणि सोसायटीच्या रजिस्टरमधले आहेत. मी कराडात इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर एकदा हात फिरून झालेला होता.

यंत्राचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. छोटा पंप कपातलं दूध नळीतून आत ओढतो. आतला हीटर ते ठरावीक तापमानाला नेतो. मग दुधातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजून यंत्र फॅट आणि एसएनएफ काढतं. एका नमुन्याला पाऊण मिनिट लागतं. दुधाबरोबर हवा आत गेली किंवा दूध कमी ओढलं गेलं, तर कधी एरर येते, आणि कधी एरर न येता चुकीचा आकडा छापला जातो. आकडा आला की तो खरा धरला जातो, त्यामुळे दुसरा प्रकार जास्त घातक.

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, कपात. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो आणि घरातला किराणा, पेंडीची उधारी, पोरांची फी त्यावर चालते. पाच पॉइंट फॅट कमी लागली तर दोन्ही वेळचं मिळून १५ लिटर घालणाऱ्याला या केंद्रावर एका पगारात सुमारे अडीचशे रुपयांचा फटका बसत होता.

तक्रार

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुरबूर सुरू झाली. एक मावशी सचिवांना म्हणाल्या, "वैरण तीच, पेंड तीच. सव्वासहाला आले तर तीन-आठ लागती, सातला आले तर तीन-तीन. गाय काय घड्याळ बघून दूध देती व्हय?"

या एका वाक्यात अख्खं निदान होतं, पण ते तसं कुणी ऐकलं नाही. गावाने त्याचा वेगळाच अर्थ लावला. लवकर येणारे बहुतेक सचिवांच्या वाडीतले, म्हणून सचिव त्यांना सांभाळतात असं बोललं जाऊ लागलं. काही जण साडेपाचलाच किटल्या घेऊन रांगेला लागले. सचिवांना सगळे तात्या म्हणतात. माझ्यासमोर बसून ते म्हणाले, "बावीस वर्षं झाली केंद्र चालवतोय. असं कुणी कधी बोललं नव्हतं." यंत्रापेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं.

बिघाडाचं वागणं असं होतं: सकाळी पहिले पंचवीस-तीस नमुने व्यवस्थित. नंतर पंपाचा आवाज मध्येच बसायचा, फॅट चार-पाच पॉइंटने खाली यायची, एखाद्या वेळी यंत्र आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचं. टेबलाला धक्का लागला की तासभर ठीक चालायचं.

माझ्याकडे येण्याआधी

२० ऑक्टोबरला तात्यांनी यंत्र तालुक्याच्या गावी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मीटर बीपवर (जोड सलग असला की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून सगळे जोड तपासले, सगळीकडे बीप वाजली. "कनेक्शन सगळी ठीक आहेत" म्हणत त्याने खबरदारी म्हणून बोर्डाच्या मागच्या बाजूला दिसेल त्या जाड पिनांवर सोल्डर (पिना बोर्डाला जोडणारा कथलाचा मिश्रधातू) फिरवलं. चारशे रुपये घेतले. यंत्र दहा दिवस नीट चाललं आणि ३१ तारखेला परत तेच.

दहा दिवस नीट चालल्यामुळे तिढा आणखी वाढला. तात्यांना वाटलं सोल्डरचं दुखणं बरं झालं होतं, आता काहीतरी दुसरं बिघडलंय.

समोरचे पर्याय

५ नोव्हेंबरला यंत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा चार वाटा होत्या.

कंपनीकडून बोर्ड बदलून घ्यायचा: १४,५०० रुपये आणि पंधरा दिवस. वॉरंटी कधीच संपली होती, त्यामुळे यंत्र उघडून गमावण्यासारखं काही नव्हतं. पण कॅलिब्रेशनचे आकडे त्याच बोर्डावरच्या मेमरीत होते. बोर्ड बदलला की पुन्हा सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे फॅट आणखी काही दिवस वादात.

नवीन यंत्र घ्यायचं: कमिटीची सभा, ठराव, कोटेशन. दोन महिने तरी सहज गेले असते.

यंत्र बाजूला ठेवून गर्बर पद्धतीने फॅट काढायची. केंद्रावर जुना सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवणारं यंत्र) आणि ब्युटिरोमीटर (फॅट वाचायच्या खुणांच्या काचनळ्या) पडून होते. ही पद्धत भरवशाची: १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग फिरवून काट्यावर वाचन. पण रोज दोन्ही वेळा ऐंशीच्या आसपास नमुने, ॲसिड हाताळायला एकच माणूस. सगळ्यांसाठी ते जमण्यासारखं नव्हतं.

चौथी वाट, दोष नेमका शोधून तेवढाच दुरुस्त करायचा. मी तात्यांना सांगितलं, "दोन दिवस द्या. दोष डोळ्याला दिसला नाही तर मी सोल्डर मारणार नाही, आणि तपासणीचे पैसेही घेणार नाही." ही अट मी मुद्दाम घातली. 'मारून बघू' या पद्धतीने यंत्र आणखी दहा दिवस चाललं असतं आणि गावातलं भांडण आणखी दहा दिवस लांबलं असतं.

त्या दोन दिवसांचं दूध प्रत्येक सभासदाच्या सप्टेंबरच्या सरासरी फॅटने धरायचं असं कमिटीने ठरवलं. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय, आणि तो यंत्राबद्दल नव्हताच.

बोर्ड उघडल्यावर

पहिलं काम मी काहीच केलं नाही, नुसतं बघितलं. मोबाइलचा टॉर्च बोर्डाच्या जवळजवळ समपातळीला आडवा धरला आणि दहापट भिंगातून एकेक पिन पाहिली. समोरून उजेड पडला तर सोल्डर नुसतं चमकतं, आडव्या उजेडात भेगेची सावली पडते. चार पिनांचा एक जाड कनेक्टर होता, पुरवठा आत येतो आणि हीटर-पंपाकडे बाहेर जातो तो. त्याच्या पुरवठ्याच्या पिनेभोवती, नव्याने फिरवलेल्या सोल्डरच्या मधोमध, केसाएवढी बारीक गोल काळी रेघ दिसली. पिन बोटाने हलकी हलवली तर रेघेच्या आतला भाग पिनेबरोबर हलला, बाहेरचा जागेवर राहिला. हेच ते ड्राय सोल्डर: वरून जोडलेलं दिसतं, आतून सुटलेलं असतं. शेजारचा हिरवा थर तपकिरी पडला होता.

मग मीटर लावला. बीपवर ठेवला तर वाजला. बहुतेक मीटरची बीप ३० ते ५० ओहमपर्यंत वाजते. तीन अँपियर वाहणाऱ्या जॉइंटला एक ओहमसुद्धा जीवघेणा असतो, म्हणून अशा ठिकाणी बीपचा अर्थ शून्य. यंत्र सुरू केलं, हीटर चालू असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची एक काडी (प्रोब) पिनेच्या वरच्या टोकाला आणि दुसरी बोर्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकला लावली. थंड असताना ४० मिलिव्होल्ट. वीस मिनिटांनी ३६० मिलिव्होल्ट, तेही स्थिर नाही, पंप फिरला की उड्या मारणारं. तीन अँपियरवर ०.३६ व्होल्ट म्हणजे ०.१२ ओहम, आणि एका पिनेच्या टोकावर एक वॅटहून जास्त उष्णता. तापला की भेग रुंद, भेग रुंद की आणखी ताप. या चक्रात अधूनमधून पुरवठा क्षणभर तुटायचा, पंप अडखळायचा, नळीत हवा यायची आणि फॅट घसरायची. तिसाव्या नमुन्याचं कोडं तिथेच सुटलं. तेवढ्या वेळात पिन पुरेशी तापत होती.

भेग पडली कशी तेही सांगतो. तांबं आणि पितळ एका अंशाला दहा लाखांत १७ ते १९ भाग वाढतात. फायबरचा बोर्ड जाडीच्या दिशेने ५० ते ७० भाग वाढतो. मध्ये अडकलेलं सोल्डर दर वेळी ओढलं आणि दाबलं जातं. दिवसातून दोनदा तापणं आणि थंड होणं, सहा वर्षांत चार हजारांवर फेरे. भरीला पुरवठ्याची वायर कुठेही न बांधता लोंबत होती. झाकण उघडून साफसफाई केली की तिचा सगळा ताण याच पिनेवर.

आधीच्या दुरुस्तीत काय चुकलं ते भिंगातून स्पष्ट दिसत होतं. जुन्या, काळवंडलेल्या सोल्डरवर नवं सोल्डर चढवलं होतं. कल्हईवाला भांडं घासून, नवसागराची भुकटी टाकून मगच कथील फिरवतो, कारण मळक्या तांब्याला कथील धरत नाही. सोल्डरचं अगदी तसंच आहे. वरून गुळगुळीत गोळा दिसतो, आत पिनेला चिकटलेलं काहीच नसतं. शिवाय त्या मुलाने छोट्या डबीतली ॲसिडची पेस्ट वापरली होती आणि ती पुसली नव्हती. ती पत्र्याला चालते. बोर्डावर राहिली तर ओल धरते आणि तांबं खाते. एका पिनेखालची तांब्याची चकतीही जास्त तापून सुटली होती.

निर्णय आणि दुरुस्ती

इथे मला तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

एक, जुनं सोल्डर ठेवायचं का? नाही. मूळ बोर्ड शिसेमुक्त सोल्डरचा होता, ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. वरून चढवलेलं ६०/४० होतं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. दोन्हींची अर्धवट मिसळ मला नको होती. सगळं काढून नव्याने भरायचं ठरवलं.

दोन, नवं सोल्डर कोणतं? मी ६३/३७ घेतलं. ते नेमकं १८३ अंशांना वितळतं आणि तिथेच घट्ट होतं. ६०/४० काही अंश लापशीसारखं राहतं आणि तेवढ्यात पिन हलली तर जॉइंट जन्मापासूनच कच्चा. चकती आधीच सुटलेली असताना तिला कमीत कमी ताप देणं हेच महत्त्वाचं होतं. शिसं आहे, त्यामुळे काम झाल्यावर हात आणि टेबल दोन्ही साबणाने धुतलं. दुधाचा मार्ग या बोर्डापासून पूर्ण वेगळा आहे, तेही आधी तपासून घेतलं.

तीन, कनेक्टर तोच ठेवायचा की बदलायचा? पिनेवरचा मुलामा उडाला होता आणि प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. कराडात तसा कनेक्टर मिळाला नाही. पुण्यात तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोटो पाठवला, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पाठवून दिला. ४५ रुपयांचा भाग, त्यासाठी एक दिवस थांबलो. जुनाच ठेवला असता तर यंत्र त्याच संध्याकाळी परत गेलं असतं, पण महिन्याभरात माझ्याकडे परत आलं असतं.

दुरुस्ती अशी झाली. मेमरीच्या चिपवर उष्णतारोधक टेप लावली. बोर्ड खालून गरम हवेने शंभर अंशांच्या आसपास नेला, म्हणजे जाड ट्रॅक सगळी उष्णता शोषून घेत नाही आणि सोल्डरिंग गन पिनेवर फार वेळ धरावी लागत नाही. गन ३५० अंशांवर, टोक चपटं, तीन मिलिमीटरचं. आधी प्रत्येक पिनेवर थोडं ताजं सोल्डर आणि राळेचा फ्लक्स देऊन जुनं मऊ केलं, मग सकरने ओढलं, उरलेलं तांब्याच्या जाळीने टिपलं. कनेक्टर ओढायची गरज पडली नाही, आपणहून सुटून हातात आला. तसा सुटला नसता तर मी थांबलो असतो. ओढला की भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा सोबत येतो.

सुटलेल्या चकतीच्या जागी ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने एक सेंटीमीटर खरवडला, उघडं तांबं कथलाने माखलं आणि जाड तांब्याची तार नव्या पिनेला एक वेढा देऊन त्या ट्रॅकवर आडवी बसवली. वरून इपॉक्सीचा थेंब. नव्या पिना सोल्डर करताना गनचं टोक पिन आणि चकती दोघांना एकदम टेकवलं, दुसऱ्या बाजूने वायर दिली. सोल्डर भोकातून खाली उतरून वरच्या बाजूला पिनेभोवती उजळ कडं उमटलं तेव्हाच गन उचलली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने पेस्टचा शेवटचा डाग जाईपर्यंत बोर्ड धुतला. वायरला केबल टायने सांगाड्याला बांधलं, आता ती ओढली तरी पिनेला कळत नाही.

पंपाच्या छोट्या कनेक्टरच्या जॉइंटमध्ये भेग नव्हती, तरी तिथलं सोल्डर बदललं. पुरवठ्याच्या सॉकेटला मात्र हात लावला नाही.

खात्री

वीस मिनिटं हीटर चालवून तीच मोजणी: ४ मिलिव्होल्ट. पिन काडीने हलवली, पंप फिरवला, आकडा हलला नाही.

माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं, गावासाठी नव्हतं. यंत्र दुकानातच तपासून तात्यांच्या हाती द्यावं की केंद्रावर जाऊन सगळ्यांसमोर चालवावं, हा शेवटचा निर्णय. मी दुसरं सुचवलं. ७ तारखेच्या संध्याकाळी संकलन संपल्यावर एका बादलीत मिसळलेलं दूध घेतलं, साय वर येऊ नये म्हणून ते सतत ढवळत ठेवलं, आणि एकामागून एक ६० नमुने लावले. कमिटीचे तीन सदस्य आणि पंधरा-वीस सभासद बघत होते. त्याच दुधाची गर्बरने दोनदा फॅट काढून फळ्यावर लिहिली होती: ३.७. पहिला नमुना ३.७. तिसावा आला तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं. ३.७. साठावा ३.७. मधले सगळे ३.६ ते ३.८ च्या आत. त्या मावशी शेवटपर्यंत उभ्या होत्या. जाताना तात्यांना म्हणाल्या, "उद्या सातलाच येते."

निकाल

दुरुस्तीचे १,८०० रुपये झाले. यंत्र पुढे नीट चाललं, पण मागच्या दिवसांच्या पैशांचा प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर रजिस्टरमध्येच सापडलं. केंद्रावरच्या सगळ्या नमुन्यांची लिटरप्रमाणे काढलेली सरासरी फॅट आणि दूध पुढे जातं त्या शीतकरण केंद्रावर त्याच दुधाची लागलेली फॅट यांत एरवी एखाद्या पॉइंटचा फरक असायचा. २ ऑक्टोबरपासून तो तीन-चार पॉइंट झाला होता. २१ ते ३० ऑक्टोबर पुन्हा एकावर, ३१ पासून पुन्हा तीनवर. बिघाड केव्हा सुरू झाला आणि केव्हा परतला हे तारखेनिशी समोर होतं.

याचा दुसरा अर्थ असा की सोसायटीला वरून पैसे खऱ्या फॅटने मिळाले होते. सभासदांचे कापले गेलेले पैसे सोसायटीच्याच खात्यात पडून होते. कमिटीने २ ते २० ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर अशा २४ दिवसांचे तिसाव्या नमुन्यानंतरचे सगळे नमुने सप्टेंबरच्या सरासरीने धरले आणि पुढच्या पगारात फरक दिला. त्याचा कागद फळ्याशेजारी चिकटवला. सचिवांवरचं बोलणं त्यानंतर थांबलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, त्या मावशींचं बोलणं ऐकल्यावर त्याच सकाळी एक सोपी परीक्षा करता आली असती: पहिल्या सभासदाचं थोडं दूध बाजूला झाकून ठेवायचं आणि शेवटी ढवळून परत लावायचं. आकडा बदलला तर दोष यंत्राचा. पाच मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीला महिना लागला आणि तेवढ्यात एका माणसाच्या नावाला बट्टा लागत होता.

शीतकरण केंद्राची फॅट रोज येतेच. ती शेजारच्या रकान्यात लिहून फरक काढला असता तर ४ ऑक्टोबरलाच सगळं उघड झालं असतं.

पहिल्या दुरुस्तीच्या वेळी बीपवर विसंबण्याऐवजी भार देऊन मोजायला हवं होतं. त्या मुलाला मी नंतर फोन केला आणि मिलिव्होल्टची पद्धत सांगितली. त्याने दुसऱ्याच आठवड्यात एका इन्व्हर्टरचा दोष तशीच काडी लावून शोधला आणि मला फोटो पाठवला. याचा मला मनापासून आनंद आहे. बोर्ड फेकून नवा घालणं आता इतकं सवयीचं झालंय की तडकलेला जॉइंट शोधणारे हात कमी होत चाललेत.

माझ्याकडूनही दोन गोष्टी राहिल्या. उघडल्याबरोबर भेगेचा फोटो काढला नाही, सोल्डर ओढून झाल्यावर आठवलं. कमिटीसमोर तो उपयोगी पडला असता. आणि पुरवठ्याचं सॉकेट तसंच ठेवलं. तेही सहा वर्षांचंच होतं, त्यालाही तितकेच फेरे झाले होते. "भेग दिसत नाही" म्हणून मी सोडलं, आणि जानेवारीत तेच ढिलं झालं. या वेळी पहिल्याच दिवशी कळलं, कारण तात्यांच्या केंद्रावर आता पहिलं दूध शेवटी परत लावलं जातं आणि दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये उतरतात. मी सॉकेट बदललं, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि बोर्डावरचे जाड पिनांचे उरलेले सगळे जॉइंट त्याच बैठकीत काढून नव्याने भरले.